पडझडीच्या कथांचं कपाट उघडा: आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात देवघेव काउंटरशेजारच्या फलकावर आपली सूचना लागली. शनिवारचा तरुणांचा वाचनकट्टा पुढील निर्णय होईपर्यंत बंद. कट्ट्यासाठी काढलेल्या कादंबऱ्या 'निवडक वाचकांसाठी' म्हणून वेगळ्या कपाटात. अठरा वर्षांखालच्या सभासदाला त्या हव्या असतील तर पालकांचं लेखी पत्र आणि त्यावर कार्यवाहांची सही. कारण असं दिलंय की ही पुस्तकं समाजाचा विध्वंस रंगवतात, मुलांमध्ये नैराश्य पसरवतात, परंपरेचा अनादर करतात आणि स्वातंत्र्याच्या नावाखाली मुलांना भरकटवतात. कार्यालयात येऊन मी विचारलं, तर मंडळाचा निर्णय झालाय, लेखी काही मिळणार नाही, असं उत्तर मिळालं. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे. ते आपल्यासाठी आहे, तसंच या वाचनालयाची वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

या पुस्तकांशी माझं नातं दोन बाजूंनी आहे. आमच्या घरात सासऱ्यांपासून बायंडिंगचं काम चालतं. आपल्या वाचनालयाची खिळखिळी झालेली पुस्तकं आमच्याकडे येतात. जुना पुठ्ठा काढायचा, फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सुटे करायचे, जुजबंदी शिवायची, मोरचूद घातलेली खळ लावून कण्याला कापड चिकटवायचं आणि दाबाखाली ठेवायचं. शिलाईचं काम माझ्याकडे असतं. फर्मा हातात असला की नजर ओळींवर जातेच. माझं निम्मं वाचन असं सुईदोऱ्याबरोबर झालंय. दुसरी बाजू म्हणजे माझी मुलगी. ती यंदा बारावीला आहे आणि कट्टा सुरू झाल्यापासून तिथं जात होती.

२०१९ च्या महापुरानंतर आपल्या तळमजल्यावरची पुस्तकं पोत्यांतून आमच्याकडे आली होती, हे आपल्यापैकी जुन्या सदस्यांना आठवत असेल. भिजलेलं पुस्तक घाईनं उघडायचं नसतं, पान फाटून हातात येतं. थोडं सुकू द्यायचं, मग दर काही पानांआड रद्दीचा कोरा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा, पंख्याखाली उभं करायचं आणि पुन्हा तेच. गुळगुळीत कागदाची पुस्तकं एकमेकांना चिकटून वीट झाली होती, ती गेलीच. त्या ढिगात मराठी महाभारताचा शेवटचा खंड होता. पानं सोडवता सोडवता मौसलपर्व हाती लागलं. त्याच्याकडे मी पुढं येणारच आहे, कारण आपल्या सूचनेला त्याच्याइतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

आधी कट्ट्यावर काय चालायचं ते सांगते. मंडळातलं कुणी तिथं येऊन बसल्याचं कट्ट्यावरच्या कुणालाच आठवत नाही. विषय होता पडझडीच्या कथा. एखाद्या समाजाची घडी विस्कटते तेव्हा माणसं कशी वागतात, यावरच्या कादंबऱ्या निवडल्या होत्या. प्रत्येक कादंबरीसोबत परंपरा आणि स्वातंत्र्य यांवरचा एखादा वैचारिक उतारा असायचा. मुलं दोन्ही वाचून यायची. फळ्यावर सगळ्या सत्रांसाठी एकच प्रश्न लिहिलेला असे: मोडतं तेव्हा नेमकं काय मोडतं, आणि मोडू नये म्हणून कुणी किती सोसायचं? पंधरा-सोळा वर्षांची मुलं या प्रश्नावर वाचनालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत वाद घालत बसत. असलं दृश्य या इमारतीत पुन्हा दिसावं म्हणून आपण धडपडायला हवं होतं. आपण दिवा मालवलात.

आता माझ्या तक्रारी.

परंपरेचा अनादर हा सर्वांत गंभीर आरोप आहे, म्हणून तो आधी घेते. कपाटात गेलेल्या पुस्तकांत चिनुआ अचेबे यांची १९५८ सालची 'थिंग्ज फॉल अपार्ट' आहे. नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या उमुओफिया या गावाची ती कहाणी. गोरे मिशनरी येतात, त्यांच्या मागोमाग त्यांचं सरकार येतं आणि गाव मोडतं. तेवढंच ऐकलं तर बाहेरच्यांनी परंपरेवर घातलेल्या घाल्याची गोष्ट वाटेल, आणि ती तशी आहेच. एका आख्ख्या माणसाचं आयुष्य आपल्या पुस्तकात एका परिच्छेदात बसवायचं, असं गोरा कमिशनर शेवटी मनात ठरवतो, ते वाचून अंगाचा तिळपापड होतो. पण अचेबे तिथंच थांबत नाहीत. इग्बोंमधून आधी कोण फुटलं, हे ते दाखवतात. जुळी मुलं अशुभ म्हणून जंगलात टाकायची रीत होती. जिची जुळी पुन्हा पुन्हा टाकून दिली होती, अशी एक गरोदर बाई आधी गेली. ओसू म्हणून ज्यांना गावाबाहेर ठेवलं होतं, ज्यांच्या डोक्याला वस्तरा लावायलाही बंदी होती, ते गेले. आणि नायकाचा थोरला मुलगा न्वोये गेला. त्याच्याबरोबर भावासारखा वाढलेल्या इकेमेफुनाला देववाणीच्या हुकमावरून गावानं मारलं होतं, त्यात नायकानं स्वतःही कोयता चालवला होता.

त्याच पुस्तकात याम या कंदाच्या पिकाचा सण आहे, पाहुण्यापुढे कोलाची बी फोडण्याची रीत आहे, पूर्वजांचे मुखवटे घालून बसणारी न्यायसभा आहे, आणि हे सगळं इतक्या मायेनं लिहिलंय की ती रीत आपल्याही अंगणातली वाटावी. लेखक त्या परंपरेचा पोटचा मुलगा आहे. आपल्या घरात काय सुंदर होतं आणि कुणाच्या उरावर काय रचलेलं होतं, हे त्याला दोन्ही सांगायचंय. ज्यांना आपण सावरून घेतलं नाही ते आधी निघून जातात आणि मग घर पडायला बाहेरचा एक धक्का पुरतो, हे तो आपल्याच लोकांना सांगतो. याला आपण अनादर म्हणता, हे मला मान्य नाही.

कोल्हापुरात तर हे कुणाला नवं वाटायचं कारणच नाही. १८९९ साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाला गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांसाठी पुरोहित वेदोक्त मंत्र म्हणायला तयार नव्हता. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला त्याच्याच नदीच्या घाटावर त्याची पायरी दाखवली गेली. महाराजांनी पुढं काय केलं, याचा विचार आपल्या मंडळानं करावा. त्यांनी धर्म टाकला नाही आणि जे चाललंय ते परंपरेनं चालत आलंय म्हणून मान खाली घालून मुकाट बसलेही नाहीत. वेदोक्ताचा अधिकार त्यांनी धरून ठेवला, बहुजन मुलांना पौरोहित्य शिकवायची सोय केली, १९२० मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या पीठावर क्षात्रजगद्गुरू, म्हणजे ब्राह्मणेतरांचा स्वतंत्र धर्मगुरू, नेमला. याच काळात, १९०२ मध्ये, मागासलेल्या समाजासाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखीव झाल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांचं नेतृत्व जाहीरपणे मान्य केलं. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज स्वतः चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावत, ही हकीकत आपल्या गावात कोण सांगत नाही? उमुओफियानं जे वेळेवर केलं नाही ते करायचा प्रयत्न इथं एका राजानं केला. कट्ट्यावर मुलांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या होत्या. पुतळ्याला हार घालून जे कळत नाही ते त्यांना त्या दिवशी कळलं असावं, कारण माझी मुलगी घरी येऊन मला वेदोक्ताबद्दल विचारू लागली. तिला शाळेच्या पुस्तकातल्या त्या धड्याचं आधी कधी काही वाटलं नव्हतं.

आता मौसलपर्व. समाजाचा विध्वंस रंगवणं परंपरेविरुद्ध आहे, असं आपण म्हणता, तर महाभारतातलं हे पर्व कुठल्या कपाटात ठेवणार? भारतीय युद्धाला छत्तीस वर्षं झालीत. द्वारकेतली यादवांची मुलं सांबाला बाईचे कपडे घालून ऋषींपुढे आणतात आणि हिला काय होईल म्हणून थट्टा करतात. शाप मिळतो, मुसळ जन्मतं, त्याचं चूर्ण करून समुद्रात टाकलं जातं. आणि मग राज्यकर्ते काय करतात? बंदी घालतात. दारू गाळायची नाही, जो गाळेल त्याला नातेवाइकांसकट सुळावर चढवू, अशी दवंडी पिटतात. पुढं प्रभासक्षेत्री तेच यादव तीच दारू पिऊन बसतात. सात्यकी कृतवर्म्याला हिणवतो की तू झोपलेल्यांना मारलंस. कृतवर्मा उलट सुनावतो की शस्त्र खाली ठेवलेल्या भूरिश्रव्याला तू मारलंस. युद्धात केलेलं पाप छत्तीस वर्षं कुणी उघड बोललं नव्हतं, ते पेल्याबरोबर बाहेर आलं आणि लव्हाळ्याच्या काड्यांची मुसळं होऊन बाप लेकाला मारू लागला. कृष्ण जातो, द्वारका बुडते, उरलेल्या बायकामुलांना घेऊन निघालेल्या अर्जुनाला गांडीव पेलत नाही आणि त्याच्या डोळ्यांदेखत लुटारू त्यांना ओढून नेतात.

देवाचं स्वतःचं कुळ आपापसात मारामारी करून संपलं, हे आपल्या परंपरेनं लपवलेलं नाही. महाकाव्याच्या शेवटाजवळ, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते ठेवलंय, आणि पिढ्यान्पिढ्या कीर्तनकारांनी ते सांगितलंय. माझ्या सासूबाईंनी ते देवळात ऐकलं होतं, लहानपणी. त्यांना ऐकवताना कुणी पालकांचं पत्र मागितलं नव्हतं.

दुसरी तक्रार अशी की कट्ट्यावर परंपरेविरुद्ध एकांगी शिकवण दिली जाते, हे आपण कुणाच्या तरी तोंडून ऐकलंत आणि खरं मानलंत. उतारे काय होते ते सांगते. ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क होता, १७९० चा. फ्रेंच राज्यक्रांती पाहून घाबरलेला, समाज हा मेलेल्या, जगणाऱ्या आणि जन्माला यायच्या माणसांमधला करार आहे, एका पिढीला तो मनाला येईल तसा फाडता येत नाही, असं सांगणारा. मुलांनी त्याला गंभीरपणे घेतलं. एका मुलीनं असंही विचारलं की जन्माला यायच्या माणसांचा हिस्सा धरायचा तर पंचगंगेत सांडपाणी सोडणारे बर्कचे शत्रू की आगरकरांचे? बर्कसमोर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल होता, १८५९ चा. रूढीची हुकूमत माणसाची वाढ खुंटवते, आणि खरं असलेलं मतसुद्धा मोकळेपणानं वादाला घेतलं नाही तर ते मेलेल्या घोकंपट्टीसारखं उरतं, असं सांगणारा. जर्मन तत्त्वज्ञ गाडामर यांच्या १९६० च्या ग्रंथातला एक छोटा भाग होता. परंपरा नुसती जुनी आहे म्हणून टिकत नाही, ती स्वीकारावी आणि जोपासावी लागते, आणि जतन करणं हीसुद्धा विवेकाचीच कृती आहे, असा त्याचा आशय. माझ्या मते आपल्या मंडळाची बाजू इतक्या चांगल्या तऱ्हेनं आपल्यालाही मांडता आली नसती. ती मुलांपुढे मांडली जात होती आणि तीच आपण बंद केलीत.

आणि टिळक-आगरकर होते. १८८२ साली हे दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले ते कोल्हापूरच्या कारणावरून. आपल्या चौथ्या शिवाजी महाराजांचे हाल चाललेत, दिवाण बर्वे त्याला जबाबदार आहेत, असं 'केसरी' आणि 'मराठा'त छापल्याबद्दल अब्रुनुकसानीची शिक्षा झाली होती. आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा, रूढीला कितपत हात लावायचा, यावर या दोन मित्रांचं पटत नव्हतं. तो वाद पुढं इतका टोकाला गेला की आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढलं. कोल्हापुरासाठी एकाच तुरुंगात बसलेली ही दोन माणसं. दोघांपैकी एकालाच ऐकायचं, असं या गावानं कधी ठरवलं होतं?

नैराश्याबद्दल लिहिताना मी जपून लिहिते, कारण ही काळजी खोटी नाही. मीही आई आहे. बारावीच्या मुलांवर आधीच काय ओझं असतं ते रोज बघते. पण आपली मुलं पडझड पुस्तकातून शिकली, असं आपल्याला खरंच वाटतं का? राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ५६ च्याही वर. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, उपसा केंद्र बुडाल्यानं नळाला पाणी नाही, पेट्रोल फक्त अत्यावश्यक गाड्यांना, दूध नाही. सुतारवाड्यातली माणसं दर मोठ्या पुराला आधी उठवली जातात. चिखली आणि आंबेवाडीची कुटुंबं शहरात येऊन राहिली होती. कट्ट्यावर येणारी मुलं तेव्हा प्राथमिक शाळेत होती. त्यांनी पाहिलंय ते.

आणि त्यांनी आणखीही काही पाहिलंय. तालमीतली पोरं छातीभर पाण्यात दोर धरून उभी होती. गणपतीची वर्गणी मागायला येतात म्हणून ज्यांना आपण नाकं मुरडतो त्या मंडळांनी भाकऱ्या गोळा करून पोहोचवल्या, आणि कोण कुठल्या पेठेचा हे तेव्हा कुणी विचारलं नाही. टँकरवरची भांडणंही पाहिली, घागरी उचलून मारायला धावलेली माणसंही. म्हणून कट्ट्यावर विल्यम गोल्डिंग यांच्या १९५४ च्या कादंबरीवरची चर्चा रंगली. बेटावर अडकलेली मुलं आधी शंख वाजवून सभा घेतात आणि हळूहळू एकमेकांच्या जिवावर उठतात, ती कादंबरी. त्यासोबत इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज होता, १६५१ चा. वर दरारा ठेवणारी सत्ता नसेल तर प्रत्येकाचं प्रत्येकाशी युद्ध, असं म्हणणारा. मुलांना हे अर्धंच पटलं. चिखलीकडचा एक मुलगा म्हणाला की आमच्या गावात पुराच्या पहिल्या रात्री सत्ता कुठंच दिसली नाही, पण युद्ध झालं नाही. मग तो थोडं थांबून म्हणाला की बोटीत आधी कुणाला बसवायचं हे कुणी ठरवलं, ते मात्र कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे. माझ्या मुलीनं हे घरी सांगितलं तेव्हा मी हातातली शिलाई ठेवली. दहावीतला मुलगा हे बोलतोय. परंपरेनं माणसं धरून ठेवली, हेही त्याला दिसलंय, आणि त्याच परंपरेत बोटीतला क्रम कुठून येतो हेही.

नैराश्य वाटलं तर ते बोलायला जागा लागते, शेजारी मोठं माणूस लागतं. कट्टा म्हणजे तीच जागा होती. पुस्तकं मुलांना मोबाइलवर मिळतातच, आपल्या कुलपानं ती थांबणार नाहीत. झोझे सारामागो यांची १९९५ ची कादंबरी, आख्खं शहर आंधळं होतं आणि एका डॉक्टरच्या बायकोला तेवढं दिसत राहतं ती, माझी मुलगी आता रात्री एकटी फोनवर वाचते. त्या कादंबरीत कोंडलेल्या माणसांच्या वॉर्डात जे घडतं ते एकटीनं वाचायचं नसतं. आपण तिला पुस्तकापासून वाचवलं नाहीत, सोबतीपासून तोडलंत.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. आपली यादी कुणी केली हे कळत नाही. माडगूळकरांची 'बनगरवाडी' उघड्या फडताळात आहे, ती तिथंच असावी. पण दुष्काळानं धनगरांची आख्खी वाडी उठून जाते आणि मास्तर रिकाम्या वाडीतून निघतो, ही पडझडीची गोष्ट नाही तर काय आहे? म्हणजे नियम विषयाचा नाही. परक्या नावांचा आहे की तक्रार करणाऱ्यांनी जेवढी नावं सांगितली तेवढ्यांचा, हे आपणच सांगावं. ग्रंथपालांना या निर्णयात विचारलं गेलं नाही, असं कळतं. ज्यांचं पुस्तकांचं शिक्षण झालंय त्यांना वगळून पुस्तकांबद्दल ठरवणं मला विचित्र वाटतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच असं की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. त्यांच्या जन्मदिनी, १२ ऑगस्टला, आपण दरवर्षी त्यांच्या फोटोला हार घालता.

पालकांच्या पत्राची अट तर मुलींना सर्वांत जास्त नडणार आहे. माझ्या मुलीला मी पत्र देईन. पण तिच्या दोन मैत्रिणींच्या घरी कादंबरी मागितली हीच चौकशीची बाब होते. त्या पत्र मागायच्याच नाहीत, पुस्तक मागणंच सोडून देतील. शिवाय कुणी कुठलं पुस्तक मागितलं याची पत्रांची फाइल कार्यवाहांच्या टेबलावर जमणार, ती कोण पाहणार आणि किती वर्षं ठेवणार याबद्दल सूचनेत चकार शब्द नाही. आपलं वाचनालय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खाली मान्यता असलेलं आणि अनुदान घेणारं आहे. ते कुणा एका घराण्याचं किंवा विचाराचं नाही. सभासदांना न विचारता घेतलेला निर्णय फलकावर लावून गप्प बसायचं, हे अशा संस्थेला शोभत नाही.

तक्रार करणाऱ्या सभासदांवर माझा राग नाही. त्यांच्यापैकी काहींना मी ओळखते. भली माणसं आहेत, मुलं हातची जातील याची त्यांना भीती वाटते. त्यांनी कट्ट्यावर यावं, आपलं म्हणणं मुलांपुढे मांडावं, मुलांचं ऐकून घ्यावं. मुलं उद्धट बोलली तर मी स्वतः त्यांचे कान धरीन. पण मुलांना खोलीबाहेर काढून त्यांच्याबद्दल आपसात ठरवू नका.

माझ्या मागण्या अशा आहेत.

शनिवारचा वाचनकट्टा येत्या पंधरवड्यात पुन्हा सुरू करावा, त्याच विषयावर आणि त्याच यादीनं. कपाटाचं कुलूप काढून पुस्तकं मूळ जागी, देवघेवीत ठेवावीत. पालकांच्या पत्राची अट रद्द करावी, आणि या महिन्यात कुणाकडून अशी पत्रं घेतली असतील तर ती ज्याची त्याला परत करावीत, नोंद ठेवू नये. ज्या बैठकीत हा निर्णय झाला तिचं इतिवृत्त फलकावर लावावं. तक्रार आली तर पुस्तकाचं काय करायचं याची लेखी पद्धत ठरवावी. तक्रार करणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं असावं, ग्रंथपालांचं मत घेतलं जावं, वाचकांना बाजू मांडता यावी आणि तोवर पुस्तक फडताळातच राहावं, एवढं त्यात असलं तरी चालेल. ही पद्धत येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मंजुरीला ठेवावी. आणि मंडळातल्या किमान दोघांनी कट्ट्याच्या पुढच्या सत्राला यावं. सूचना काढणाऱ्यांना मुलांना काही विचारायचं असेल तर तिथं विचारता येईल.

कट्ट्याच्या खर्चाचा प्रश्न असेल तर त्यासाठी लागणाऱ्या पुस्तकांचं या वर्षाचं बायंडिंग आम्ही मजुरी न घेता करून देऊ. कपाटातल्या प्रतींपैकी अचेबेंच्या प्रतीचा कणा सुटला आहे, हे मी सूचना लागायच्या आधीच ग्रंथपालांना सांगितलं होतं. ती आमच्याकडे पाठवून द्यावी, आठ दिवसांत शिवून परत करते.

या पत्राची प्रत, खाली सह्या केलेल्या सभासदांच्या नावांसह, सोमवारी कार्यालयात देऊन पोच घेणार आहे. आपलं उत्तर लेखी यावं, ही विनंती.

आपली,
एक आजीव सभासद
कोल्हापूर